टेक्नॉलॉजी खरंच दुपटीने वाढते का?

देवगडचा_तांडेल:
भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो टेक्नॉलॉजी २, ४, ८, १६ अशी वाढतेय. होडीवर जीपीएस आला, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) आला, ते मान्य. पण डिझेल इंजिन बघा, वडिलांच्या वेळचं आणि आत्ताचं यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. मग खरं काय? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा.

रत्नांग्रीकर:
चिपपुरतं भाच्याचं बरोबर आहे. गॉर्डन मूर, ज्याने पुढे इंटेल ही चिप कंपनी काढली, तो १९६५ ला म्हणाला की चिपवरचे ट्रान्झिस्टर (बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच) दरवर्षी दुप्पट होतील, १९७५ ला त्यानेच ते दोन वर्षांवर आणलं. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर साधारण २३०० होते, आज चांगल्या मोबाईलच्या चिपवर हजार कोटींच्या वर. पण हा काही निसर्गाचा नियम नाही हो, कंपन्यांनी तेच टार्गेट धरून पैसा ओतला म्हणून टिकला. आणि क्लॉक स्पीड, म्हणजे चिपचा कामाचा वेग, बघाल तर २००५ च्या आसपास ३-४ गिगाहर्ट्झला अडकला, चिप तापायला लागली, मग एकाच चिपवर कोर (काम करणारे भाग) वाढवत बसले.

मालवणी_माणूस:
खयचा दुप्पट नि खयचा काय, आमच्याकडे पावसात लाईट गेली की टॉवरय झोपता 😄

खाडीकाठ:
तांडेल, तुम्हाला भरतीचं सांगायला नको, पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने चढतं, मग मंदावतं. बहुतेक टेक्नॉलॉजी अशीच. १९०३ ला राईट बंधू उडाले आणि १९६९ ला माणूस चंद्रावर, तेव्हा कोणालाही वाटलं असतं आता थांबत नाही. पण बोइंग ७४७ हे प्रवासी विमान पण १९६९ लाच उडालं आणि आजची विमानं साधारण त्याच वेगाने जातात, आवाजापेक्षा जोरात जाणारं कॉनकॉर्ड तर परवडेना म्हणून २००३ ला बंदच झालं. तुमचं इंजिन त्या मंदावलेल्या तासात आहे एवढंच.

रत्नांग्रीकर:
अर्धंच पटलं. एक थांबलं की दुसरं सुरू होतं ना, जुन्या रेडिओतली व्हॅक्यूम ट्यूब गेली ट्रान्झिस्टर आला, मग चिप. अमेरिकन संशोधक-लेखक रे कुर्झवाइल हेच म्हणतो, सगळ्यांची बेरीज केली तर चढ कायम राहतो.

खाडीकाठ:
हो, पण पुढचं वेळेवर येईलच याची गॅरंटी कोण देणार? शिवाय मोजताय काय त्यावर आहे सगळं. सोलर पॅनल घ्या, एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण २० टक्के उतरते, म्हणजे तिथे नुसती वर्षं मोजून उपयोग नाही, पॅनल बनायला पण हवेत.

देवगडचा_तांडेल:
फिशफाइंडर सुधारला म्हणून बांगडा वाढला नाही, तेही मोजा कोणीतरी. भाच्याला दाखवलं, तो आता एआयवर आलाय.

रत्नांग्रीकर:
त्याला वेगळा धागा काढायला सांगा, इथे नको.