यंत्र विकत घेतले, तरी त्यातली सुविधा कुलूपबंद: जादा पैसे नेमके कशाचे?

प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सची लहानसहान कामे मी घरीच करतो आणि त्यासाठी बराच विचार करून एक डिजिटल ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर आलेखासारखे दाखवणारे यंत्र, घेतला. वापरू लागल्यावर लक्षात आले, की चिपा एकमेकींना पाठवतात ते सिरीयल संदेश उलगडून दाखवणारी डीकोडची सुविधा आणि वाढीव बँडविड्थ (अधिक वेगाने बदलणारे संकेत मोजण्याची क्षमता) या दोन्ही गोष्टी यंत्रात आहेत, पण केवळ चाचणीपुरत्या. मेन्यूत त्यांच्या नावापुढे उरलेली मिनिटे दिसतात आणि ती सुविधा वापरा वा न वापरा, यंत्र चालू असेपर्यंत घटत राहतात. मिनिटे संपल्यावर कंपनीकडून ‘की’, म्हणजे सुविधा खुली करणारा कोड, विकत घ्यायची. की भरल्यावर एकही नवा भाग बसत नाही. तेच सर्किट, तीच मेमरी. मग पहिल्यांदा मोजलेले पैसे कशाचे होते? याला रास्त व्यवहार म्हणावे की अडवणूक?

प्रतिसाद १

सुट्या भागांची किंमत म्हणजेच यंत्राची किंमत, असे धरून चालता येणार नाही. डीकोडचा प्रोग्राम कोणीतरी लिहिलेला असतो, त्यातले दोष पुढेही दुरुस्त करावे लागतात, आणि ज्यांना त्याची गरज नाही अशा सगळ्यांकडून तो खर्च वसूल करण्यापेक्षा गरजूंकडूनच घेणे अधिक न्याय्य आहे. रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकाच्या निर्मात्यांनी 2012 मध्ये हेच केले. त्या बोर्डातील चिपला एमपेग-2 या पद्धतीने साठवलेला व्हिडिओ उलगडता येत होता, पण त्याचे पेटंट-शुल्क भरावे लागत असल्यामुळे ती सोय बंद ठेवून 2.40 पौंडांना वेगळी की विकली गेली. ज्याला ते व्हिडिओ पाहायचेच नव्हते, त्याला स्वस्त बोर्ड मिळाला.

इंटेलचे उदाहरण मात्र याच्या नेमके उलट आहे. 2010 मध्ये पेंटियम जी6951 या प्रोसेसरसाठी 50 डॉलरचे कार्ड विकायला ठेवले गेले. त्यावरचा कोड भरला की हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवण्याची सोय) आणि 1 एमबी जादा कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) खुली होत असे. इथे कोणाचे पेटंट-शुल्क थकलेले नव्हते. सिलिकॉनवर आधीच कोरलेला भाग अडवून ठेवला होता, इतकेच. टीका झाली आणि 2011 मध्ये योजना गुंडाळली गेली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की बंद असलेला प्रत्येक भाग धडधाकट असतोच असे नाही. एएमडीच्या तीन कोअरच्या फेनॉम 2 या प्रोसेसरमधला बंद ठेवलेला चौथा कोअर अनेकांनी बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) चालू केला; काहींचा नीट चालला, काहींचा संगणक सारखा बंद पडू लागला, कारण तो कोअर सदोष म्हणूनच बंद केलेला होता.

प्रतिसाद २

व्हिडिओ खेळांच्या बाबतीत माझी कसोटी साधी आहे: खेळ विक्रीला आला तेव्हा तो भाग तयार होता का? वर्षभराने नवे नकाशे, नवी कथा घेऊन आलेल्या विस्ताराचे पैसे मी आनंदाने देतो. पण 2012 मधील ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’च्या डिस्कवरच 12 पात्रे कुलूपबंद होती आणि ती खुली करण्याचे पैसे नंतर वेगळे मागितले गेले. ऑनलाइन सामन्यात समोरच्याने घेतलेले पात्र आपल्या पडद्यावर दिसायचे तर त्याची माहिती आपल्याकडेही लागते, हे तांत्रिक कारण खरे आहे. परंतु तेवढी माहिती नंतरच्या पॅचमधूनही (सुधारणेच्या फाइलमधूनही) पाठवता येते, त्यामुळे ते समर्थन पुरे पडत नाही. खेळ बनवणाऱ्या ईए कंपनीचा 2010 ते 2013 पर्यंतचा ‘ऑनलाइन पास’, म्हणजे ऑनलाइन खेळण्यासाठी नव्या डिस्कसोबत मिळणारा कोड, तर सरळ दुसऱ्याने वापरलेली डिस्क घेणाऱ्यावरच रोखलेला होता; त्याला तो वेगळा विकत घ्यावा लागे.

प्रश्नकर्ता

डीकोडचे पटले. बँडविड्थचे अजून पटत नाही. उद्या हे यंत्र विकले तर कीचे काय होणार?

प्रतिसाद ३

मला वाटते खरा प्रश्न तोच आहे. कुलूप एकदाच उघडते, की ते कायम दुसऱ्याच्या हातात राहते? टेस्लाने 75 किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या काही मॉडेल एस या विजेवरच्या गाड्या 60 ची मर्यादा घालून विकल्या होत्या. सप्टेंबर 2017 मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून आले, तेव्हा कंपनीने ती मर्यादा दुरूनच तात्पुरती काढली. लोकांना सुरक्षित जागी जाता आले, हे चांगलेच झाले. पण दुरून देता येते ते दुरून काढूनही घेता येते, हेही त्यातून उघड झाले. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत आसन गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक शुल्क लावले आणि 2023 मध्ये ते सोडून दिले. वाहतुकीच्या ताज्या माहितीला महिन्याचे पैसे घेणे समजू शकते, कारण ती रोज पुरवावी लागते. आसनातल्या तारेवर कंपनीचा दरमहा कोणता खर्च होतो? आणि युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मार्च 2024 अखेर सर्व्हर बंद होताच एकट्याने खेळण्याजोगाही उरला नाही.

तुमच्यापुरते सांगायचे, तर पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर मागा: की कायमची आहे का, ती यंत्राच्या सिरीयल क्रमांकाशी बांधलेली आहे की तुमच्या खात्याशी, आणि दुरुस्तीत मुख्य बोर्ड बदलला तर नवी की विनामूल्य मिळेल का. सिरीयल क्रमांकाशी बांधलेली की यंत्रासोबत पुढच्या मालकाकडे जाते, आणि विक्रीच्या वेळी तुम्हाला तिची किंमत धरता येते. खात्याशी बांधलेली असेल, तर मी ती घेणार नाही.