जुनं ऑफिस नव्याने करताना काय ठेवावं, काय काढावं?

मोजपट्टी
साधारण ९०० चौरस मीटरचा ऑफिसचा मजला नव्या भाडेकरूसाठी करायचा आहे. इंटिरियर १२ वर्षांचं, इमारत बरीच जुनी. मिनरल फायबरचं फॉल्स सीलिंग (६०० × ६०० मिमी), कार्पेट टाइल, काचेची आणि जिप्समची पार्टिशन्स, ३६ वॅटच्या ट्यूब, एका एएचयूवरचा (हवा थंड करून सगळीकडे फिरवणारं यंत्र) एसी. कंत्राटदार म्हणतो, सगळं तोडा, सीलिंगही काढा; उघडा स्लॅब छान दिसतो आणि सामानही कमी लागतं. भाडेकरूला आहे ते जास्तीत जास्त वापरायचंय. कुठे थांबावं?

थंडगार
आधी सीलिंगची एक टाइल उचलून वर बघा. परतीच्या हवेचं, म्हणजे खोलीतली हवा एएचयूकडे परत नेणारं, डक्ट आहे का? पुष्कळदा नसतं, सीलिंग आणि स्लॅबमधली पोकळीच ते काम करते. सीलिंग गेलं की एएचयू जवळचीच थंड हवा परत ओढतो आणि लांबच्या कोपऱ्यातले लोक उकडून निघतात. शिवाय चौकोनी डिफ्यूजरची (थंड हवा सोडणाऱ्या जाळीची) हवा सीलिंगला धरून पसरते. तो आधार नसेल तर ती सरळ माणसाच्या डोक्यावर पडते. स्प्रिंकलरही स्लॅबजवळ न्यावे लागतात, कारण आगीची गरम हवा वर साठते आणि खाली लटकणारं हेड उशिरा फुटतं. म्हणजे पाइपिंग आलं. मग आवाज घुमतो म्हणून तो शोषणारे बॅफल टांगा. झालं कमी सामान!

एएचयू बदलायची घाई नको. कॉइल धुवा, बेल्टचा ताण तपासा, मग फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा. वीज वेगाच्या घनाप्रमाणे घटते: ८० टक्के वेगाला कागदावर ५१ टक्केच वीज लागते, प्रत्यक्षात बचत थोडी कमी. त्या वेगाला ताजी हवा पुरते का, ते मोजून घ्या.

सुतारपक्षी
सहमत. जुनं सामान खराब असतं म्हणून जात नाही, लेआउट आधी काढला म्हणून जातं. आधी मापांसह यादी, मग ड्रॉइंग. काचेच्या कोपऱ्यात टफनचा (तापवून कडक केलेल्या काचेचा) शिक्का असेल तर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, चुरा होतो. केबिनची रुंदी काचेवरून ठरवा. सीलिंगची उंची तीच राहिली तरच त्या काचा पुन्हा बसतील.

जिप्सम बोर्ड शाबूत निघेल ही आशा सोडा. आतले जीआय चॅनल, कोरडं रॉकवूल आणि चौकटीसकट दारं मात्र निघतात.

कार्पेटची एक टाइल पॅसेजमधली आणि एक कपाटाखालची उचलून बघा. टॅकीफायरवर (पक्का न होणारा, नुसता चिकट राहणारा गम) असेल तर हाताने सुटते. पक्क्या गमावर असेल तर बॅकिंग फाटतं, तिथे नाद सोडा. झिजलेल्या टाइल टेबलांखाली, चांगल्या पॅसेजमध्ये. लावताना मागचा बाण बघा, नाहीतर एकाच रंगाच्या टाइल दोन रंगांच्या दिसतात. कार्पेटखाली जुनी विनाइल किंवा काळा गम सापडला तर खरवडू नका. आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी.

सीलिंग टाइलला रंग नको, छिद्रं बुजून आवाज शोषणं कमी होतं. व्हॅक्यूम पुरे. जुन्या टाइल हॉलमध्ये, नव्या केबिनमध्ये; मिसळल्या की ठिगळं दिसतात.

चोकवाला
३६ वॅटची ट्यूब साध्या चोकसकट ४५च्या आसपास खाते, एलईडी ट्यूब १८. चोक काढून थेट वायरिंग करणार असाल तर वीज एका टोकाला द्यायची की दोन्ही, हे ट्यूबवरच्या आकृतीप्रमाणे. तडकलेले होल्डर बदला आणि फिटिंगवर ‘चोक काढला आहे’ असं लेबल लावा. जुने रिफ्लेक्टर चहूबाजूंनी उजळणाऱ्या ट्यूबसाठी असतात. एलईडी एकाच बाजूला प्रकाश टाकते, त्यामुळे मध्ये अंधारे पट्टे पडू शकतात. आधी एकच ओळ बदलून टेबलाच्या उंचीवर लक्स (उजेडाचं माप) मोजा. लिहिण्या-वाचण्याच्या जागी ५०० धरा.

मोजपट्टी
पाहिलं. परतीचं डक्ट नाही, काच टफन आहे. एएचयूची कॉइल डीएक्स निघाली, म्हणजे थंड पाण्यावर नाही, थेट गॅसवर चालणारी. व्हीएफडी तरी लावावा?

थंडगार
जपून. डीएक्सवर हवा फार कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो. उत्पादकाने दिलेल्या किमान हवेच्या खाली वेग जाऊच नये, असं ड्राइव्हमध्ये सेट करा. त्याआधी लाइट बदला. उष्णता घटली की किती हवा लागते ते नव्याने काढा. आणि तोडफोड चालू असताना एएचयू बंद, परतीच्या जाळ्या प्लास्टिकने बंद. जिप्समची धूळ ओल्या कॉइलवर बसली की लेप होतो, मग ती धुऊनही नीट निघत नाही.