सिस्टरनी ऑक्सिजन कमी केला म्हणजे जीव घ्यायला निघाल्या का?

लातूरची सिस्टर
काल इथं एकांनी लिहिलं की वडलांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 90 असताना सिस्टरनी ऑक्सिजन मिनिटाला 6 लिटरवरून 2 वर आणला, "पगार घेऊन माणसं मारायलेत". खाली सगळे शिव्या घालायलेत. अहो, तुम्हीच लिहिलंय ना वडलांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, जन्मभर बिडी ओढली म्हणून? अशा पेशंटचं सॅच्युरेशन 88 ते 92 मधेच ठेवायचं असतं, डॉक्टरची ऑर्डरच तशी असते. जास्त दिला की काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, हात फडफडतात, पेशंट गुंगीत जातो अन् नातेवाईक म्हणतात बाबांना आता कुठं डोळा लागला, उठवू नका! तेव्हा आमची पळापळ चालू असते, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठव, बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) लाव. रात्री आम्ही दुसऱ्या बेडकडं वळलो की ऑक्सिजन किती जातो ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरची चावी फिरवून गोळी पार वर नेऊन ठेवणारे नातेवाईक मी डोळ्यांनी बघितलेत.

परभणीचा पाटील
ती पोस्ट माझी. ताई, तुमचं बरोबर असंल, पण आम्हाला कोण सांगितलं हे? कोविडमधी सगळे सांगायले होते 94 च्या खाली गेलं की दवाखाना गाठा. आता 90 चांगलं म्हणता. विचारलं तर "बाहेर थांबा". बाप दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून धापा टाकायलाय अन् मी बाहेर थांबू?

लातूरची सिस्टर
94 चा आकडा ज्यांची फुप्फुसं आधी ठणठणीत होती त्यांच्यासाठी. अन् नाईटला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असतो, जागा भरत नाहीत, कंत्राटी मुलींचे पगार लटकलेले. कुणाकुणाला बसून समजावणार?

जालनेकर
मुळात हे तोंडात मारायचे पंप (इनहेलर) देऊन देऊन माणसाला सवय लावतात. आमच्या काकाचा पंप आम्ही बंद केला, घरी वाफेचं मशीन, ते औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर, आणलं. वाफेनं जितका आराम पडतो तितका पंपानं पडत नाही.

मेडिकलवाला, नांदेड
दादा, असलं लिहू नका, लोक वाचून खरंच पंप बंद करतात. सवय बिवय काही नसती. सालब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या पंपात एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम औषध, वाफेच्या एका डोसात 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 25 पट. म्हणून छाती धडधडती अन् हात कापतात. स्पेसर (पंपाला लावायचा पोकळ डबा) लावून पंप नीट घेतला तर बहुतेकांना तेवढाच फरक पडतो. पण स्पेसर दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं "हा डबा कशाला, नुसता पंप द्या", अन् निम्मं औषध जिभेवर!

जालनेकर
तुमचा तर धंदाच आहे पंप विकायचा.

मेडिकलवाला, नांदेड
मशीन विकलं तर मला जास्त सुटतात! नसती अक्कल पाजळू नका. काकाचा स्टेरॉइडचा रोजचा पंप बंद केलाय का तेवढं सांगा.

जालनेकर
गुलाबी होता एक. दोन्ही बंद केलेत. तवापासून दोनदा अॅडमिट झाले, पण ते थंडीमुळं.

हिंगोलीची लेक
थंडीमुळं म्हणे! काकाला आजच दाखवा. अन् बिडी बिडी काय लावलंय सगळ्यांनी? माझ्या आईनं आयुष्यात तंबाखूसुद्धा खाल्ली नाही. पऱ्हाट्या अन् तुराट्या जाळून चुलीवर भाकरी केल्या, तेवढ्यावर छाती गेली. उज्ज्वलाचा गॅस आला, टाकी भरायला पैसे नाहीत म्हणून चूल चालूच. आईला अॅडमिट केलं तेव्हा एका सिस्टरनं पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, पुढं टेबल सरकवून त्यावर उशी ठेवली, आईला उशीवर हात टेकवून वाकून बसवलं, अन् नाकानं श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायला शिकवलं. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं होतं, हे पण तिनंच सांगितलं. डॉक्टर राउंडला आले ते बिडी किती ओढता विचारून गेले.

परभणीचा पाटील
बघा, त्या सिस्टरला जमलं ना सांगायला. ठीक आहे, "माणसं मारायलेत" तेवढं काढतो. "बाहेर थांबा" चं काढणार नाही.

लातूरची सिस्टर
नका काढू, सांगायलाच पाहिजे होतं तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरनं. पण घरी ऑक्सिजनचं मशीन न्यायला सांगितलं तर लिहून दिलेत तेवढेच लिटर, मनानं वाढवायचं नाही अन् एकदम बंदही करायचं नाही. वडील गुंगीत वाटले तर लगेच दवाखाना. अन् त्या खोलीत कुणालाच बिडी पेटवू देऊ नका, नळीसकट तोंड भाजलेला पेशंट आलाय आमच्याकडं.