मदत हवी आहे: कानाच्या पडद्याच्या मॉडेलसाठी पातळ पडदा (सांगली-मिरज)

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मध्यकर्णाचं दसपट मॉडेल करतोय. पडद्यासाठी ९० मिमी पीव्हीसी पाईप, रिकिबीच्या (मध्यकर्णातलं सर्वात आतलं, तिसरं हाड) तळासाठी २० मिमी. खऱ्या कानात पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौ. मिमी आणि रिकिबीचा तळ ३.२, म्हणजे दाब १७ पट. हाडांच्या तरफेचे १.३ पट वेगळे. त्यासाठी भुजा ६५ आणि ५० मिमीच्या घेतल्यात. रिकिबीच्या पुढे आंतरकर्णासाठी पाण्याची नळी आहे; तिच्या दुसऱ्या टोकाला छोटा रबरी पडदा आहेच. पाणी दबत नाही, म्हणून तो नसेल तर रिकीब हलतच नाही.

अडचण मोठ्या पडद्याची. तो सपाट नको, मध्यभागी हातोडीने (पडद्याला चिकटलेलं पहिलं हाड) २० मिमी आत ओढलेला शंकू हवा. फुग्याचं रबर ताणून ठेवलं की सैल पडतं, आणि सॉल्व्हंटवाला गोंद लावला की तिथेच फुगतं. तबल्याचं कातडं जाड, शिवाय पावसाळी हवेत ढिलं होतं.

०.३ मिमीचा सिलिकॉन शीट सांगलीत सुटा कुठे मिळेल? त्याला हातोडी कशाने चिकटवावी? साधा गोंद सिलिकॉनला धरत नाही. की मिरजेत वाद्यांची कामं करणाऱ्यांकडे याहून पातळ कातडं मिळतं?