डिस्चार्जच्या उशिरावरून सगळ्यांची मर्जी सांभाळताना नाकी नऊ आलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रुग्णालयाच्या प्रशासनात आहे, नवीनच. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी सोडा’ म्हणतात आणि रुग्ण निघतो संध्याकाळी. मधल्या वेळात समरी (उपचारांचा लेखी सारांश) ज्युनिअर डॉक्टरकडे, उरलेली औषधं परत फार्मसीत, मग बिलिंग, मग विमा कंपनीची मंजुरी. तोवर इमर्जन्सीत कुणीतरी बेडची वाट बघत स्ट्रेचरवर. नातेवाईक ओरडतात ते मात्र सिस्टरांवर, ज्यांच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं.

पुस्तकात शिकलो तसा कुणाची सत्ता किती, रस किती असा चौकोनी तक्ता मांडला. सिस्टर आणि वॉर्डबॉय ‘कमी सत्ता’च्या खान्यात पडले. साफ चूक! वॉर्ड त्यांच्यावरच चालतो. संयुक्त बैठक लावली, तर सीनिअर सर्जन फिरकलेच नाहीत आणि बाकीचे एकमेकांकडे बोट दाखवत बसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमुळे ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स तीन टप्प्यांवर थांबून एकमेकांशी बोलतात. डिस्चार्जसाठी असं काही कुणी केलंय का? उद्या कोण घरी जाऊ शकेल याची संभाव्य यादी आदल्या संध्याकाळीच काढायचा विचार आहे, पण ती डॉक्टरांकडून मिळवायची कशी? माझा त्यांच्यावर काडीचाही अधिकार नाही. आधी एकेकट्याला भेटावं, की मेडिकल डायरेक्टरांकरवी जावं? वरून दबाव आणला तर कायमचं बिनसेल अशी धास्ती वाटते.