'होमग्रोन' खेळाडूला मराठीत काय म्हणायचं?

तिरपी_रेघ
युरोपातल्या फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतेय. क्लबांना 'होमग्रोन' तरुण खेळाडू घ्यायची सक्ती असावी का, हा लेखाचा विषय. मी 'स्थानिक खेळाडू' लिहिलं होतं. संपादकांनी सरसकट 'भूमिपुत्र' केलं आणि शीर्षक दिलं, 'भूमिपुत्रांना खेळवण्याची सक्ती हवी का?' आता वाचणाऱ्याला वाटणार, बार्सिलोनात डोमिसाइल सर्टिफिकेट मागतात.

नियमाचा जन्माशी आणि पासपोर्टशी काडीचा संबंध नाही. युएफा म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची संघटना, तिच्या स्पर्धांत २५ जणांच्या यादीत असे ८ खेळाडू लागतात. १५ ते २१ या वयात तीन हंगाम किंवा ३६ महिने त्याच देशाच्या संघटनेखालच्या क्लबात नोंदलेला असला की झालं. आठांपैकी निदान चार खुद्द त्याच क्लबात वाढलेले हवेत. म्हणजे अर्जेंटिनातल्या रोसारिओहून तेराव्या वर्षी आलेला मेस्सी बार्सिलोनाचा 'होमग्रोन'. आणि एरिक डायर इंग्लंडकडून खेळला, पण वाढला पोर्तुगालात, स्पोर्टिंग लिस्बनमध्ये. म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या हिशेबात तो 'होमग्रोन' नाही. याला 'भूमिपुत्र' कसं म्हणू? शब्द सुचवा, लेख परवा द्यायचाय.

कुंपणावरचा
'घरगुती' नको, पापड-लोणचं वाटेल. 'गावठी'चं तर विचारूच नका. कोंबडी गावठी असली की भाव चढतो, पिस्तूल गावठी असलं की पोलीस येतात. खेळाडूचं काय होईल सांगता येत नाही.

पेठकरी
'तालमीतला' म्हणा की. विषय कट.
आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉलच्या संघांचीच नावं हायत. शाहू स्टेडियमवर शेजारी बसलेलं म्हातारंबी सांगतंय, ह्यो आपल्या तालमीचा आणि त्यो बाहेरनं आणलेला. जन्म कुठल्या पेठेत झाला ते कोण इचारत न्हाई. बारक्यापणी कुणाच्या पोरांत गुडघं फोडून घेतलं, एवढंच बघत्यात. तुमचा युएफाचा नियम दुसरं काय सांगतोय?

तिरपी_रेघ
पेठकरी, हे आवडलं. 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला' हे तर सगळ्या महाराष्ट्राला कळतं. फक्त सुटा 'तालमीतला' म्हटलं की पुण्याच्या वाचकाला पैलवान दिसेल आणि दादरच्याला नाटक.

शब्दवेध
'तालीम' मूळ अरबी, अर्थ शिक्षण. इंग्रजी काढून अरबी आणायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला? 'स्वसंवर्धित खेळाडू' हा शब्द अर्थवाही आहे आणि नियमावलीत शोभेल.

कुंपणावरचा
स्वसंवर्धित म्हणजे ज्यानं स्वतःच स्वतःला वाढवलं तो. क्लबनं सहा वर्षं जेवू घातलं, त्याचं श्रेय गेलं ना. आणि शब्दवेध, शीर्षकातला 'सक्ती' फारसी 'सख़्ती'वरून आलाय, तो बरा चालला तुम्हाला!

शब्दवेध
तोही नको. 'अनिवार्यता' म्हणावं.

दंडबैठक
तालीम अरबी हे कुणी ठरवलं? आमचे आजोबा सांगायचे, 'ताल' या संस्कृत शब्दावरून आलाय. जोर-बैठका तालात काढतात, म्हणून तालीम. नाटकाच्या तालमीतही ताल असतोच.

शब्दवेध
बैठका तालात काढतात हे खरं आहे. व्युत्पत्ती मात्र तशी नाही. अरबी 'तअलीम'. तिचाच 'इल्म' (ज्ञान) आणि 'मुअल्लिम' (शिक्षक) यांच्याशी संबंध.

दंडबैठक
तुमचं ते तुम्ही धरा.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितोय. संपादकांना 'भूमिपुत्र' वापरण्याआधी गोव्याची आठवण करून द्या. जुलै २०२१ मध्ये आमच्या विधानसभेत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झालं. त्यात तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्याला 'भूमिपुत्र' म्हटलं होतं. असा गदारोळ उठला की सरकारला नावातून तो शब्द काढायची घोषणा करावी लागली. तीस वर्षं राहून जो शब्द मिळत नाही, तो तुम्ही ३६ महिन्यांत वाटताय.

बाकी धेंपो, साळगांवकार या गोव्याच्या क्लबांच्या मॅची बघत मोठा झालोय. वाडोवाडी पोरं खेळतात, तरी बाहेरून येणाऱ्याचं कौतुक जास्त. पिकतं तिथं विकत नाही. म्हणून मला तरी सक्ती पटते.

सेंटर_हाफ
सक्तीनं काय होतं ते चीननं दाखवलंय. २०१७ मध्ये त्यांच्या सुपर लीगनं पहिल्या अकरात २३ वर्षांखालचा एक खेळाडू हवाच असं केलं. प्रशिक्षकांनी पोराला उतरवला आणि घाम यायच्या आत परत बसवला. नियमही पाळला आणि पोरगंही बाकावर. पोराची शोभा झाली ती वेगळी.

इंग्लंडात तर या व्याख्येनं दुसऱ्यांची तयार पोरं उचलायला निमित्त दिलं. फॅब्रेगास सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलला आला आणि कागदोपत्री तिथला 'होमग्रोन' झाला. दत्तकच की तो. ब्रेक्झिटनंतर अठराच्या आतली परदेशी पोरं आणता येत नाहीत, म्हणून तो दरवाजा बंद झाला. नियमाच्या गुणानं नव्हे.

पेठकरी
दत्तक घेतलेलं पोरगं घरचंच असतंय. कोल्हापूरच्या गादीचा इतिहास वाचा जरा. शाहू महाराज दत्तकच हुते.

सेंटर_हाफ
😀 मानलं. पण घडवणाऱ्याची कदर करायची तर पैशानं करा. खेळाडू करारात असताना विकला गेला की फिफाच्या नियमानं त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. तो टक्का वाढवा, यादीत आठ डोकी मोजत बसू नका.

मांडवीकाठ
पैसा खेळाडू विकल्यावर येतो. पण अठराव्या वर्षी त्याला खेळायला कोण देणार? तिथंच पोरं गळतात. आपल्याकडे शेवटी भारताच्या फुटबॉल फेडरेशनला इंडियन ॲरोज नावाचा पोरांचाच संघ काढून आय-लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरवावा लागला. क्लब खेळवत असते तर गरज पडली असती का? तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळून त्याच संघात गेला.

पेठकरी
अनिकेत आमचाच!

कुंपणावरचा
नियमानं तो कुणाचा, हाच तर तिरपी_रेघ यांचा प्रश्न आहे.

तिरपी_रेघ
आठवण काढलीत, आभार. आज युएफाचं मूळ कलम काढून पाहिलं. तिथं 'होमग्रोन' नाहीच. 'स्थानिक पातळीवर प्रशिक्षित' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्याचे दोन प्रकार, 'क्लब-प्रशिक्षित' आणि 'संघटना-प्रशिक्षित'. 'होमग्रोन' चालवलाय तो प्रीमियर लीगनं आणि वर्तमानपत्रांनी. जर्मनांचा शब्दही रोपाचाच आहे, 'आयगेनगेवेक्स', आपल्या मातीत उगवलेलं. स्पेनमधल्या ॲथलेटिक बिल्बाओ क्लबवाले 'कांतेरा' म्हणतात, म्हणजे दगडाची खाण. पण फक्त बास्क प्रांतातलेच खेळाडू घ्यायचं बिल्बाओचं व्रत स्वतःहून घेतलेलं आहे, सक्ती नाही.

दुसरी अडचण 'खेळवण्याची' या शब्दाची. युएफाचा नियम यादीपुरता आहे, मैदानात उतरवायचं बंधन नाही. आठ भरले नाहीत तर तेवढ्या जागा रिकाम्या ठेवायच्या. म्हणजे सक्तीसुद्धा अर्धीमुर्धीच. त्यातही २०२३ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयानं बेल्जियमच्या रॉयल अँटवर्प क्लबच्या प्रकरणात म्हटलंय की असे नियम युरोपच्या स्पर्धा-कायद्याच्या आड येऊ शकतात, पडताळणी ब्रसेल्सच्या कोर्टानं करावी. हे सगळं शीर्षकात कुठं बसवू?

मला 'क्लबने घडवलेला' बरा वाटतोय.

शब्दवेध
'घडवलेला' हे विशेषण झालं, संज्ञा नव्हे. तक्त्याच्या मथळ्यात काय लिहाल?

कुंपणावरचा
'घडवलेले: ८'. झालं की.

शब्दवेध
मडकी आहेत का?

दंडबैठक
'घडीव' म्हणा. घडीव दगड म्हणतोच ना आपण. बिल्बाओच्या खाणीलाही जुळेल.

मांडवीकाठ
घडीव चांगलाय! पण घडीव म्हटलं की काम पुरं झालेलं वाटतं. एकोणीस वर्षांच्या पोराचं कुठं पुरं होतं?

तिरपी_रेघ
संपादकांना 'घडीव' आणि 'तालमीत तयार' दोन्ही पाठवले. त्यांचं उत्तर आलं, 'भूमिपुत्र दोन ओळींत नीट बसतं.'

सेंटर_हाफ
मग लेखात 'गोलकीपर' ठेवलाय की 'गोलरक्षक'? आधी ते सांगा. 'गोलरक्षक' दिसला की मी पान उलटतो.

पेठकरी
आमच्यात 'गोली'.

शब्दवेध
'गोली' हिंदीत बंदुकीची. गोलरक्षकात वाईट काय आहे?