अनुभव धागा: तुमच्या गावचा बैलगाडा शर्यतीचा घाट, पट, मैदान आता कुठंय?

खेडचा

मंडळी, गेल्या रविवारी गावी गेलो होतो. चाकणच्या पुढं, खेड तालुका. हायवेला नेहमीसारखं जाम होतं म्हणून पुतण्यानं गाडी आतल्या रस्त्यानं घातली आणि एका गोडाऊनच्या गेटसमोर मी त्याला म्हटलं थांब जरा. एवढा मोठा पत्र्याचा शेड, आत कंटेनर वळत होते, सिक्युरिटीवाला आमच्याकडं बघत उभा. म्हटलं इथं आपला घाट होता. तर पोरगं म्हणतं, "कसला घाट काका? पाण्याचा?"

पोरगं १९ वर्षांचं आहे, त्याचा काय दोष. ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी त्यांच्या केंद्राच्या अधिसूचनेत बैल आला २०११ला, तेव्हा हा अगदी लहान. मग ७ मे २०१४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि गाडे बंदच झाले. राज्यानं २०१७ला कायदा केला पण तोही कोर्टात अडकला. शर्यती परत सुरू झाल्या १६ डिसेंबर २०२१च्या आदेशानं, आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदा कायम केला. म्हणजे गाडे आले परत, आसपासच्या गावांत भिर्रर्र ऐकू येतं, पण आमचा घाट काही आला नाही कारण मधल्या काळात ती जागाच गेली. वावरं विकली, प्लॉटिंग झालं, शेड उभे राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडं घाट म्हणजे चढाची धाव. चार बैल, मागची जोडी जुकाट आणि पुढची कांडं, त्यांच्याही पुढं घोडी. गाड्यात माणूस बसत नाही. खालून गाडा सुटला की वर निशाणापर्यंत जे काय व्हायचं ते अकरा-बारा-तेरा सेकंदात. आणि नंबर म्हणजे एकच गाडा नाही, ठरलेल्या सेकंदांच्या आत जेवढे येतील ते सगळे पहिल्या नंबरात, बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटून. घाटाचा राजा मात्र एकच, ज्याचे सेकंद सगळ्यात कमी.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंदी आली न् उठली यावर लोक भरपूर बोलले, पण ज्या जागा कायमच्या गेल्या त्यांच्याबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही. तर लिहा. कुठं होती, कशी होती, तिथं आता काय आहे. नुसतं गोडगोडच लिहा असं नाही, जे खटकलं तेही लिहा.

रानपाखरू

आंबेगावचा आहे. आमचा घाट आहे अजून, नशीब. पण माझ्यासाठी तो गेलाच.

वडलांकडं एक बैल होता, कोसा खिल्लार, कांड्याला पळायचा. २०१४ला बंदी आली तेव्हा भरात होता, नुकता सहा दाती झालेला. सगळे म्हणाले दादा विकून टाका, आता काय उपयोग, आणि खरंच त्या वर्षी बैल मातीमोल झाले होते, ज्याला लाखाच्या वर मागणी होती त्याला कुणी विचारेना. वडील म्हणायचे उठंल बंदी. दर वर्षी म्हणायचे. सकाळी त्याला फिरवून आणायचे, आठवड्यातून एकदा मोकळ्या चढावर पळवायचे, नुसतंच, ना घड्याळ ना निशाण. यात्रेच्या दिवशी त्याची शिंगं घासून रंगवायचे, अंगावर झूल टाकायचे आणि देवळापर्यंत नेऊन परत आणायचे. देवळाजवळ घाटाचा रस्ता फुटतो तिथं तो बैल दर वर्षी अडायचा. मान घाटाकडं करून उभा राहायचा न् वडलांना त्याला ओढून घराकडं वळवावं लागायचं.

२०१९च्या पावसाळ्यात गेला तो. डिसेंबर २०२१ला बातमी आली तेव्हा गावात फटाके वाजले, पोरं गुलाल घेऊन दारात आली, वडील बाहेर आले नाहीत. गोठ्यात बसले होते. त्याची दावण अजून तशीच आहे, तिथं दुसरं जनावर बांधत नाहीत.

माणदेशी

आमच्याकडं घाट नाही, सपाट माळ. खटाव तालुका. दोन बैल, छकडा, आणि छकड्यावर माणूस असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, चांगला ड्रायव्हर असला की त्याला लांबलांबून फोन येतात. मैदानात एकमेकाच्या शेजारी तास, म्हणजे पळायच्या पट्ट्या, पाडलेले असतात, चिठ्ठी काढून कुठला तास ते ठरतं. आधी गट, मग सेमी, मग फायनल. दिवसभर चालतं. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत हिंदकेसरीचं मैदान भरतं ते सगळ्यांना माहीतच असेल, पण मी सांगतोय ते आमच्या गावच्या साध्या माळाचं, जिथं आदत बैलांची शर्यत व्हायची. आदत म्हणजे अजून दात न लावलेला. तिथं पळालेलं खोंड पुढं कुठं जाणार हे म्हातारी माणसं बघूनच सांगायची.

तो माळ कशानं गेला माहितीये का, पाण्यानं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ, टँकर, छावण्या. उरमोडी धरणाचं पाणी आलं आणि ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. माझ्या चुलत्याचाच आहे त्यातला दोन एकर. आता मी काय म्हणू? पाणी आलं त्याचं वाईट वाटून घेऊ का? आजीनं डोक्यावर घागरी वाहून केस घालवले तिचे. पण यात्रेच्या दिवशी त्या उसाच्या बांधावर उभा राहिलो की तास क्रमांक चार कुठनं जायचा ते मला डोळे झाकून दाखवता येतं. तो माझ्या भावाचा तास होता, फायनलचा, एकदाच.

चुलीजवळची

मी माहेरची जुन्नरची. माझ्या घरचा गाडा होता आणि मी एकदाही घाटात गेले नाही. बायकांनी जायचं नाही अशी रीतच होती, आई गेली नाही, आजी गेली नाही. आम्ही घराच्या माळवदावरनं धुरळा बघायचो आणि लाउडस्पीकरवरून गाड्यामालकाचं नाव पुकारलं की ओळखायचं, आला आपला.

पण गाड्याचं निम्मं काम आमच्याच हातचं होतं हे कोण लिहिणार. शर्यतीच्या आधी महिना-दीड महिना रोज पहाटे आई कणीक मळायची, बैलांसाठी. त्यात तूप, गूळ, भिजवलेली खारीक वाटून, उडदाचं पीठ, कधी अंडी फोडून. नारळाएवढा गोळा करायची. मी शेजारी कंदील धरून. बैलाच्या तोंडात गोळा देताना आईचा हात कोपरापर्यंत आत जायचा असं मला लहानपणी वाटायचं, आणि बाहेर आला की तिच्या मनगटावर त्याच्या खरखरीत जिभेचा लाल पट्टा उठलेला असायचा. आम्हा पोरांना तूप मोजून मिळायचं त्या दिवसांत आणि बैलाला वाटीनं. राग यायचा तेव्हा. आता नाही येत.

यात्रेला चाळीस-पन्नास पाहुणे. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी खारं, म्हणजे मटण. गाडा पहिल्यात बसला की माणसं गुलालानं माखून यायची न् पंगत बसायची, नाही बसला तरी पंगत तेवढीच. फक्त आवाज कमी असायचा.

घाटाच्या जागी आता फार्महाऊसचे प्लॉट आहेत, पांढऱ्या रंगाचे दगड लावून. गेल्या वर्षी भावाबरोबर तिथं पहिल्यांदा चालत गेले. वरपर्यंत चढले. दम लागला.

खेडचा

ताई, शेवटच्या चार ओळी दोनदा वाचल्या. आमच्या आईनं पण घाट बघितला नाही कधी.

गुरांचा डॉक्टर

वेगळं लिहितो, राग मानू नका. मी तेवीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, पश्चिम महाराष्ट्रात. बंदीच्या आधीच्या काळात यात्रेचा दुसरा दिवस माझ्यासाठी सगळ्यात वाईट असायचा. काठीला खिळा लावलेला असायचा, त्याच्या जखमा बैलाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, ओळीनं. शेपटीला चावलेल्या खुणा, होय, माणसाच्या दातांच्या. एकदा एका खोंडाच्या कातडीवर दोन बारीक भाजल्याचे ठिपके दिसले, मालक म्हणाला काट्यानं झालं. ते बॅटरीच्या शॉकनं झालं होतं हे त्यालाही माहीत होतं न् मलाही.

आणि पाय मोडलेला बैल. एकच सांगतो. धावेच्या शेवटी दगडात पाय गेला, पुढचा, गुडघ्याखाली. मी पोचलो तेव्हा तो उभा राहायचा प्रयत्न करत होता, परत परत. त्याचा मालक त्याच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडत होता आणि त्याच माणसाच्या हातात ती खिळ्याची काठी होती. मला त्या दिवसापासून हे दोन्ही एका माणसात असू शकतं हे मान्य करावं लागलं.

शर्यतीच्या जागा गेल्या याचं मला दुःख नाही, खरं तेच सांगतो. पण रानपाखरूंच्या वडलांसारखी माणसंही मी पाहिलीत आणि बंदीत सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झाले, हेही खरं. आता नियम आहेत, काठीवर बंदी आहे, आधी परवानगी, जनावराची तपासणी. जिथं पाळतात तिथं फरक दिसतो. जिथं पाळत नाहीत तिथं मी तक्रार करतो आणि करत राहणार.

रानपाखरू

डॉक्टरसाहेब राग कशाला येईल. वडील पण खिळा लावणाऱ्याशी बोलायचे नाहीत. त्याच्या गाड्याबरोबर आपला बैल जुंपायला द्यायचे नाहीत, सोयरा असला तरी.

झाडीपट्टीचा पोरगा

भंडारा जिल्हा. आमच्याकडं शंकरपट म्हणतात, नुसतं पट. दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. आणि पट म्हणजे नुसती शर्यत नाही, पट म्हणजे रात्री नाटक. दिवसा पट, रात्री मंडपात झाडीपट्टीचं नाटक, सकाळपर्यंत. हिवाळ्यात धान घरात आलं की एकेका गावचा पट ठरायचा न् त्या हिशोबानं नाटक कंपनीच्या तारखा, जावई-पाहुण्यांची बोलावणी, मुलगी दाखवायचे कार्यक्रमसुद्धा. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न असंच पटाच्या दिवशी ठरलं.

बंदी आली तेव्हा काही गावांनी पट नसताना नाटक चालू ठेवलं, आमच्या गावानं दोन वर्षं ठेवलं मग तेही थांबलं. पाहुणे येईनात ना, नुसत्या नाटकाला कोण येणार लांबून. मग ती जागा गावठाणात गेली, घरकुलं झाली. वर कुणीतरी बायकांना घाटात जायची रीत नव्हती लिहिलंय, त्यावरून सांगतो, अमरावतीकडं तळेगाव दशासरला बायकांचा वेगळा पट भरतो, बायका स्वतः जोडी हाकतात. एकदा बघायला जा ताई, खरंच.

किनाऱ्यावरचा

अलिबागच्या बाजूचा आहे. आमची धावपट्टी रोज दोनदा पुसली जाते, त्यामुळं गेली म्हणायला काही शिल्लकच नसतं :) ओहोटीला ओली वाळू कडक होते तेवढ्या वेळात शर्यत उरकायची, बैलगाड्या न् घोडागाड्या दोन्ही. भरतीची वेळ बघूनच कार्यक्रम ठरायचा, पुढाऱ्याचं भाषण लांबलं की म्हातारे ओरडायचे, पाणी थांबायचं नाय.

आता शनिवार-रविवार त्याच पट्ट्यात टुरिस्टांच्या चारचाकी बाइक फिरतात. शर्यती होतात अजून कुठं कुठं. पण पहाटे सरावाला बैल घेऊन किनाऱ्यावर जाणारं आमच्या आळीत कुणी उरलं नाही. बैलच नाहीत, पॉवर टिलर आहेत.

एडिसनहून

न्यू जर्सीत आहे, मूळचा शिरूरचा. काही विशेष अनुभव नाही, इथं मध्यरात्री जागून युट्युबवर घाट लाइव्ह बघतो एवढंच. आता सेन्सरचं घड्याळ आहे, पॉइंटनंतरचे दोन आकडे लगेच स्क्रीनवर येतात. आमच्या वेळी पंच निशाणाकडं डोळा लावून स्टॉपवॉचवर अंगठा ठेवून बसायचे न् त्या अंगठ्यावरनं भांडणं व्हायची. माझे आजोबा पंच होते. भांडण नको म्हणून शर्यतीच्या दिवशी कुणाच्याही घरचा चहा घ्यायचे नाहीत.

वाडीवरचा

धागा काढणाऱ्यांना विचारायचंय. तुमचा घाट म्हणजे तो का, ज्याच्या वरच्या अंगाला, निशाणाच्या पुढं डाव्या हाताला दगडी बांधलेली विहीर होती? कारण तसा एक घाट मला आठवतो, आणि त्याची भीती आठवते. निशाण ओलांडलं तरी बैल थांबत नाहीत ना, पुढं पळतच राहतात, न् माणसं पुढं जाऊन त्यांना धरतात. तर त्या घाटाला विहिरीच्या कडेनं पंधरा-वीस माणसं हात धरून साखळी करून उभी असायची, दिवसभर, प्रत्येक बारीला, म्हणजे दर गाड्याच्या धावेला. आमचा गाडा आला तेव्हा मी त्या साखळीत होतो, बारावीला होतो मी. समोरून आपलेच चार बैल अंगावर येतायत आणि हलायचं नाही. माझ्या डाव्या हाताला एक पैलवान होते तुमच्या गावचे, त्यांनी माझा हात एवढा दाबला की दोन दिवस पेन धरता येत नव्हतं.

खेडचा

होय! तोच. विहीर आहे अजून, गोडाऊनच्या मागच्या भिंतीला लागून, वर लोखंडी जाळी टाकलीय. आणि ते पैलवान म्हणजे माझे थोरले चुलते, दर वर्षी तिथंच उभे असायचे, विहिरीच्या बाजूला पहिला हात त्यांचाच. त्यांना आज रात्री हे वाचून दाखवतो. तुमच्या गाड्याला नंबर काय लागला होता?

वाडीवरचा

दुसऱ्यात होता. १३ सेकंद आणि वर काहीतरी. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा, हात दाबलेला पोरगा म्हणावं.